‘उद्वेग’ आणि ‘उबग’ : एका शब्दद्वयाचा अर्थविचार

मनाच्या चिडखोर अस्वस्थतेचे वर्णन करणारे जे शब्द मराठीत आहेत, त्यांपैकी ‘उबग’ हा आज सर्वांत अधिक दुर्लक्षित शब्द होय. शहरी बोलण्यात त्याची जागा ‘कंटाळा’, ‘वैताग’ आणि अलीकडे ‘इरिटेट होणे’ यांनी घेतली आहे. समीक्षेत तर या साऱ्या छटांना मिळून ‘अस्वस्थता’ हे एकच नाव देण्याचा प्रघात पडला आहे. शब्द मागे पडतात याचे दुःख करण्याचे कारण नाही. भाषेचा तो नित्यक्रम आहे. परंतु एखादा शब्द मागे पडल्यामुळे जुन्या ग्रंथातील एखादे स्थळ आपण चुकीचे वाचू लागतो, तेव्हा तो प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही, समीक्षकाचाही होतो. ‘उबग’ या शब्दाच्या बाबतीत असे घडले आहे, असे मला वाटते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातील समुद्राच्या दृष्टांतात या शब्दाचे जे रूप आले आहे, त्याचा अर्थ ‘कंटाळत नाही’ असा लावला म्हणजे दृष्टांताचा निम्मा आशय हातून निसटतो. तो कसा, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१

प्रथम व्युत्पत्ती पाहू. संस्कृतातील ‘विज्’ या धातूचा अर्थ थरारणे, दचकून मागे सरणे असा आहे. वेग, आवेग, संवेग आणि उद्वेग हे सर्व शब्द त्याच कुळातले. ‘उद्’ या उपसर्गामुळे आतून वर उसळणाऱ्या हालचालीचा भाव येतो. तळाशी बसलेले पाणी ढवळून वर यावे तसे चित्त ढवळले जाणे, हा उद्वेगाचा मूळ अर्थ मानावयास हरकत नाही.

‘उबग’ हे याच शब्दाचे तद्भव रूप आहे. संयुक्त ‘द्व’चा मराठीत ‘ब’ होतो, हे ‘द्वादश’ आणि ‘बारा’, किंवा पाढ्यातील ‘बे एके बे’ यांवरून कोणाच्याही ध्यानात येईल. मात्र ‘उबग’ हा शब्द ‘उद्वेग’ या नामापासून आला की ‘उद्विग्न’ या विशेषणापासून, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दोन स्वरांमधील एकेरी ‘ग’ प्राकृतात बहुधा लोप पावतो; ‘सागर’चा ‘सायर’ होतो. उलट ‘ग्न’सारख्या जोडाक्षराचा ‘ग्ग’ होऊन त्याचा ‘ग’ मराठीपर्यंत टिकून राहतो : ‘अग्नि’पासून ‘आग’, ‘नग्न’पासून ‘नागवा’, ‘लग्न’पासून ‘लागणे’. ‘उबग’मधील ‘ग’ टिकला आहे. त्यावरून हा शब्द ‘उद्विग्न’, ‘उव्विग्ग’, ‘उबग’ या वाटेने आला असावा, हे अनुमान मला अधिक सयुक्तिक वाटते. ‘उद्विग्न’ हे भूतकालवाचक धातुसाधित आहे. जो ढवळला जाऊन चुकला आहे, तो उद्विग्न. व्युत्पत्तीवरून अर्थ सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, ‘उबग’ हा शब्द आरंभाच्या थरकापाचा नसून अखेरच्या अवस्थेचा वाचक आहे, ही गोष्ट त्याच्या या जन्मकथेशी विसंगत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रात उद्वेगाला दोन स्थाने आहेत. विप्रलंभ शृंगाराच्या दहा कामदशांमध्ये अभिलाष, चिंता, स्मृती आणि गुणकथन यांच्यानंतर उद्वेग येतो. ना आसनावर समाधान, ना शय्येवर, अशी ती स्थिती. दुसरीकडे बीभत्स रसाचा एक भेद ‘उद्वेगी’ म्हणून भरताने सांगितला आहे. तेथे किळसवाण्या वस्तूच्या दर्शनाने मन मागे सरते. म्हणजे एकाच शब्दात दोन प्रवृत्ती नांदत होत्या : हवे ते न मिळाल्याने होणारी घालमेल, आणि नको ते समोर आल्याने येणारा तिटकारा. मराठीने ही वाटणी स्वतंत्र शब्दांनी केली. पहिल्या प्रवृत्तीकडे ‘तळमळ’, ‘तगमग’, ‘हुरहुर’ हे शब्द गेले. दुसरीकडे ‘किळस’, ‘शिसारी’ गेले. आणि त्याच बाजूला, परंतु त्यांच्याहून सौम्य आणि दीर्घकालीन अशा अर्थाने, ‘उबग’ राहिला. तत्सम ‘उद्वेग’ मात्र दोहोंच्या मध्ये, काहीसा ग्रांथिक होऊन उभा आहे.

२

आता प्रत्यक्ष उपयोगाकडे वळू. समानार्थी म्हणून दिल्या जाणाऱ्या शब्दांतील भेद व्याख्येपेक्षा वाक्यात लवकर उघड होतो. त्यासाठी वेल्ह्याचा पाऊस हे उदाहरण घेऊ. तोरणा आणि राजगड यांच्या सावलीतील हा पुणे जिल्ह्याचा तालुका (त्याला ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली) घाटमाथ्याच्या अतिपावसाच्या पट्ट्यात येतो. येथे मुख्य पीक भाताचे. राब भाजून रोपे तयार करावयाची, पाऊस धरला की लावणी करावयाची, असा येथील शेतीचा क्रम. अशा ठिकाणी पाऊस हा हवाहवासाही असतो आणि नकोसाही होतो. म्हणूनच भावनांची छटा तपासावयास तो सोयीचा आहे.

ज्येष्ठात पाऊस लांबला तर शेतकऱ्याच्या जिवाची ‘तगमग’ होते. रात्री एकाएकी ओढ्याला लोंढा आला तर ‘भय’ वाटते. लावणीच्या दिवशी पहाटे गार पाण्यात उतरावयाचा ‘कंटाळा’ येतो. आठ दिवस धुके हटले नाही, जळण वाळले नाही, घरात धूर कोंडला, की माणसांची ‘चिडचिड’ होते. आणि भाद्रपद उजाडला तरी झड थांबत नाही, तेव्हा पावसाचा ‘उबग’ येतो. या पाच वाक्यांतील शब्दांची अदलाबदल करून पाहावी. एकही वाक्य धड राहत नाही.

या भेदाची काही लक्षणे व्याकरणातच सापडतात. ‘कंटाळा’ आणि ‘उबग’ हे दोन्ही शब्द षष्ठी घेतात : पावसाचा कंटाळा, पावसाचा उबग. ‘चिडचिड’ षष्ठी घेते ती चिडणाऱ्याची, कारणाची नव्हे. ‘माझी चिडचिड’ असे आपण म्हणतो, ‘पावसाची चिडचिड’ असे म्हणत नाही. पाऊस तेथे ‘पावसाने’ किंवा ‘पावसामुळे’ असा केवळ निमित्त म्हणून येतो. याचा अर्थ असा की, चिडचिडीला कारण असते पण विषय नसतो. पावसाने झालेली चिडचिड माणूस मुलावर, बैलावर, चुलीवर, कशावरही काढू शकतो. उलट ‘चीड’ या शब्दाला विषय तर लागतोच, शिवाय नैतिक आधारही लागतो. अन्यायाची चीड येते. पावसाची येत नाही, कारण पाऊस दोषी नसतो. एकाच धातूचे द्विरुक्तीने केवढे रूपांतर होते, हे येथे पाहण्याजोगे आहे. ‘चीड’ एकदाच येते आणि ताठ उभी राहते. ‘चिडचिड’ वारंवार होते आणि कोठेच ठरत नाही. ‘चिडचिड होणे’ आणि ‘चिडचिड करणे’ असे दोन्ही प्रयोग रूढ असल्यामुळे ती अंशतः भोगावयाची आणि अंशतः करावयाची गोष्ट ठरते. ‘उबग’ मात्र येतो. तो कोणी करीत नाही.

‘कंटाळा’ आणि ‘उबग’ यांतील भेद याहून सूक्ष्म आहे. कंटाळा अनुभवाच्या पूर्वीही येऊ शकतो. ‘उद्या भोरला जायचा कंटाळा आला आहे’ हे वाक्य, जो कधीच भोरला गेला नाही, तोही म्हणू शकेल. ‘उद्या भोरला जायचा उबग आला आहे’ असे मात्र ज्याच्या अनेक खेपा व्यर्थ गेल्या आहेत, त्यानेच म्हणावे. उबगाला दीर्घ सहवास लागतो. १२ जुलै १९६१ रोजी याच तालुक्यातील आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले आणि पुणे शहरात महापूर आला. त्या दिवशी लोकांच्या मनात जे दाटले त्याला भय म्हणता येईल, उद्वेगही म्हणता येईल; उबग म्हणता येणार नाही. परंतु धरणात जमीन गेलेल्या एखाद्या माणसाला पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तर त्याला जो येईल तो उबगच. उद्वेग क्षणात येऊ शकतो, उबगाला काळ लागतो.

आणखी एक लक्षण नमूद केले पाहिजे. ‘वैतागून तो म्हणाला’ हे वाक्य आपल्या कानाला सहज वाटते. ‘उबगून तो म्हणाला’ हे तितके सहज वाटत नाही. ‘उबगून तो निघून गेला’ हे मात्र अगदी स्वाभाविक आहे. वैतागाचा निचरा बोलण्यात होतो, उबगाचा शेवट सोडून जाण्यात होतो. नोकरीला उबगलेला नोकरी सोडतो, संसाराला उबगलेला घर सोडतो. उबग म्हणजे त्यागाच्या उंबरठ्यावर आलेला त्रास होय. हे लक्षण पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

३

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या दोन्ही शब्दांचा उपयोग आढळतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील छपन्नाव्या श्लोकात स्थितप्रज्ञाला ‘अनुद्विग्नमनाः’ म्हटले आहे. त्यावरील ओवीत ज्ञानेश्वर ‘उद्वेगु’ हा तत्सम शब्दच ठेवतात. नाना दुःखे प्राप्त झाली तरी ज्याच्या चित्तात उद्वेग नाही, असा त्या ओवीचा भाव आहे. येथे उद्वेग हा चित्तात राहणारा विकार आहे. तो कोणाविषयी आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. दुःखे हे निमित्त, चित्त हे अधिष्ठान.

बाराव्या अध्यायातील पंधराव्या श्लोकाची गोष्ट वेगळी आहे. तेथे भक्ताचे लक्षण सांगताना ‘उद्विज्’ हे क्रियापद गीतेने दोनदा योजले आहे : ज्याच्यापासून लोक उद्वेग पावत नाहीत, आणि जो लोकांपासून उद्वेग पावत नाही. येथे भक्त आणि लोक हे दोन पक्ष आहेत, आणि संस्कृत श्लोकाने दोघांनाही एकच क्रियापद दिले आहे. या समतोलातच त्या श्लोकाचे सौंदर्य आहे.

ज्ञानेश्वरांनी हा समतोल मोडला आहे, आणि तो जाणूनबुजून मोडला आहे असे दिसते. त्यांच्या दृष्टांतात समुद्र आणि जलचर असे दोन पक्ष येतात. समुद्राला माज आला, भरतीने तो उसळला, तरी जलचरांच्या ठिकाणी ‘भय’ उपजत नाही. आणि जलचरांच्या योगाने समुद्र ‘नुबगिजे’, म्हणजे उबगत नाही. मूळ श्लोकातील एका क्रियापदाची येथे दोन झाली. प्रचंडाकडून क्षुद्राला जे होऊ शकते ते भय. क्षुद्राकडून प्रचंडाला जे होऊ शकते तो उबग. समुद्राला मासोळीचे भय वाटणे शक्यच नाही. परंतु आपल्या अंगावर अहोरात्र वळवळणाऱ्या लक्षावधी जीवांचा त्रास होऊन ‘पुरे आता’ असे त्यास वाटणे कल्पनेत बसते. ‘उद्विज्’च्या पोटात असलेले हे दोन अर्थ सामर्थ्याच्या दिशेप्रमाणे वेगळे करून दाखविणे, हे भाषांतरकाराचे काम नव्हे, ते भाष्यकाराचे आणि कवीचे काम आहे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, ‘नुपजे’शी यमक जुळविण्यासाठी ‘नुबगिजे’ हे रूप आले. त्यावर एवढा अर्थाचा भार टाकणे योग्य नव्हे. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. परंतु यमकाने ठरविला तो ‘जे’ हा शेवट; धातू ठरविला नाही. त्याच वळणाचे रूप इतर धातूंपासूनही सिद्ध झाले असते आणि यमकाची गरज तितकीच भागली असती. तेव्हा धातूची निवड कवीचीच राहते. शिवाय ‘इजे’ हे कर्मणी वळणाचे रूप असल्यामुळे ‘जळचरीं’ ही तृतीया तेथे चपखल बसते. आजच्या मराठीत ‘मी त्याला उबगलो’ असे म्हणताना उबगणारा पुढे असतो. येथे जलचर हे उबग आणणारे म्हणून पुढे आहेत आणि समुद्र ते सोसणारा आहे. उबग आणण्याचे सामर्थ्य क्षुद्रांकडे आहे, हे रूपच सांगते.

लगेच पुढच्या ओवीत दृष्टांताचे उपमेय येते, आणि तेथे आणखी दोन शब्द भेटतात. उन्मत्त जगामुळे भक्ताला ‘खंती’ वाटत नाही, आणि त्याच्यामुळे लोक ‘शिणत’ नाहीत. दोन ओव्या शेजारी ठेवल्या म्हणजे रचनेतील एक फेर लक्षात येतो. पहिल्या ओवीत माज समुद्राला आहे, म्हणजे जो भक्ताच्या जागी आहे त्याला. दुसरीत उन्मत्तता जगाकडे गेली आहे, म्हणजे जे जलचरांच्या जागी आहे त्याकडे. क्रमही उलटला आहे : आधी लोकांना काय होत नाही आणि मग समुद्राला काय होत नाही, हे सांगितले होते, आता आधी भक्ताला आणि मग लोकांना. समुद्राचा माज हा त्याचा स्वभाव असून त्यात दुष्टता नाही. जगाची उन्मत्तता मात्र त्रासदायक आहे. तरीही भक्त खंत करीत नाही. एका संस्कृत क्रियापदाच्या ठिकाणी भय, उबग, खंती आणि शीण अशा चार छटा ज्ञानेश्वरांनी योजल्या. मराठी किती बारकाईने बोलू शकते, याचे हे प्रमाण आहे.

आता ‘नुबगिजे’चा अर्थ ‘कंटाळत नाही’ असा केल्याने काय बिघडते ते स्पष्ट होईल. कंटाळ्यात निरुत्साह असतो. त्यात दुसऱ्याचा सहवास तोडण्याची ओढ असेलच असे नाही. उबगात ती असते. समुद्र कंटाळत नाही, एवढे म्हटल्याने त्याचा उत्साह सिद्ध होईल. पण तो आपल्या जलचरांना झिडकारीत नाही, त्यांच्यापासून सुटू पाहत नाही, हे सिद्ध होणार नाही. मुळात समुद्राला सोडून जावयास जागाच नाही. तोच त्या जीवांचे घर आहे. भक्ताचे लोकांशी असलेले नाते या कोटीचे आहे, असे ज्ञानेश्वरांना सुचवावयाचे आहे. संसाराला उबगून जो बाहेर पडतो, त्याची विरक्ती ही उबगाची परिणती असते. बाराव्या अध्यायातील भक्ताची विरक्ती तशी नाही. तो उबगलेला नसल्यामुळे लोकांत राहू शकतो. उबग आणि वैराग्य यांची गल्लत होऊ न देणे, हा भक्तिमार्गाच्या दृष्टीने गौण मुद्दा नव्हे. वारकऱ्याने घर न सोडता पंढरीची वाट चालावी, या आचारामागील भूमिका समजून घेताना हा एक शब्दही साहाय्यक होतो.

हेच ज्ञानेश्वर सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाच्या श्लोकातील ‘अनुद्वेगकर’ या पदाचे विवरण करताना मात्र ‘उबग’ वापरीत नाहीत. परिसाने लोखंडाचे अंग वा तूक कमी न करता त्याचे सोने करावे, तसे जवळच्याला न दुखविता सुखविणारे बोलणे, असा अर्थ ते करतात. बोलण्याने होते ती जखम असते. ती एका वाक्यातही होऊ शकते. तेथे दीर्घ सहवासाचा शब्द अप्रस्तुत ठरला असता. शब्दनिवडीतील हा विवेक यमकाच्या आक्षेपाचे परस्पर उत्तर देतो.

४

वेल्ह्याहून केळदवरून मढे घाटाने खाली उतरले म्हणजे महाड तालुक्याचा प्रदेश लागतो. तेथील शिवथरच्या घळीत दासबोधाची रचना झाली, अशी समर्थ संप्रदायाची परंपरा आहे. दासबोधाच्या आठव्या दशकात ‘दुश्चीतनिरूपण’ नावाचा समास आहे. तेथे रामदास अस्वस्थ चित्ताकडे सर्वस्वी वेगळ्या दृष्टीने पाहतात. दुश्चितपणापासून आळस, आळसापासून निद्रा आणि निद्रेपासून आयुष्याचा नाश, अशी ती कारणपरंपरा आहे. समोर निरूपण चालले असता ज्याचे मन दुसरीकडे भरकटते, तो दुश्चित. येथे अस्वस्थता हा सोसण्याचा विषय नसून सुधारण्याचा दोष आहे, आणि त्यावरील उपाय सावधपणा हा आहे. ज्ञानेश्वर अस्वस्थतेचा विचार दोघांमधील नात्याच्या अंगाने करतात. रामदास तो एकट्याच्या अवधानाच्या अंगाने करतात. दोन्ही ठिकाणी ‘मनाची अस्वस्थता’ असा एकच शेरा मारून पुढे जाणे सोपे आहे. पण मग या दोन ग्रंथकारांच्या मनुष्यविषयक दृष्टीतील अंतर आपल्याला दिसणार नाही.

हा विचार केवळ प्राचीन वाङ्मयापुरता नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. पांडुरंग सांगवीकर याच्या मनःस्थितीसाठी ‘तरुणाची अस्वस्थता’ हे नाव सरसकट वापरले, तर त्या कादंबरीतील निरनिराळे थर एकमेकांत मिसळतात. पुण्यातील वसतिगृह, महाविद्यालय, तेथील मंडळे आणि मित्र यांच्या संगतीने त्याला हळूहळू जो येतो तो उबग आहे. त्यास सहवासाचा काळ लागला आहे आणि त्याचा शेवट पुणे सुटण्यात होतो. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूने त्याला जे होते, त्याला उबग म्हणणे असंबद्ध होईल. ते शोकाने ढवळून निघणे आहे, उद्वेग आहे. गावी परतल्यावर जे उरते ते या दोहोंपैकी काहीच नाही. तीन अवस्थांना तीन शब्द दिले, तर कादंबरीच्या घडणीविषयी काही बोलणे शक्य होते. एकच शब्द दिला, तर केवळ नायकाविषयी सहानुभूती व्यक्त होते.

समीक्षेची परिभाषा संस्कृतातून किंवा इंग्रजीतून घडवावी, की बोलीतून, हा वाद आपल्याकडे जुना आहे. प्रस्तुत टिपणातून त्या वादाचा निकाल लागत नाही. एवढे मात्र दिसते की, तत्सम ‘उद्वेग’ ज्या ठिकाणी दोन दिशांचे अर्थ एकत्र बांधून ठेवतो, त्या ठिकाणी तद्भव ‘उबग’ एकच दिशा निश्चितपणे दाखवितो. आणि ज्ञानेश्वरांनी दोन्ही शब्द हाताशी ठेवून जेथे जो हवा तेथे तो योजला. भाद्रपदातली झड पाहून ‘आता उबग आला’ असे म्हणणारा माणूस आणि समुद्र जलचरांना उबगत नाही असे लिहिणारा कवी एकाच शब्दाचे धनी आहेत. त्या माणसाचा शब्द आपल्या कानावरून गेलेला नसेल, तर त्या कवीची ओवी आपण अर्धीच वाचतो. पुढील अभ्यासकाने ‘खंती’ आणि ‘शीण’ या उरलेल्या दोन शब्दांचा असाच उपयोगानिशी विचार केला, तर या श्लोकावरील ज्ञानेश्वरांच्या भाष्याचे चित्र पुरे होईल.